पाचव्या पलटणीच्या मागावर

सत्तावीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. नेपोलियनचा धडा आला की फळ्यावर दोन बाण काढायचो. एक वर चढणारा : तुलाँ १७९३, इटली १७९६, राज्याभिषेक १८०४, ऑस्टरलिट्झ १८०५. दुसरा खाली उतरणारा : मॉस्को १८१२, लाइपझिग १८१३, वॉटर्लू १८१५. मुलं सनावळी पाठ करायची, पेपरात लिहायची, मार्क मिळवायची. उतरत्या बाणाच्या टोकाशी मात्र मी स्वतःच दरवर्षी अडायचो. गादी सोडून एका बेटावर हद्दपार झालेला माणूस हजारभर शिपाई घेऊन परत येतो आणि वीस दिवसांत, लढाई न करता, पॅरिसच्या राजवाड्यात जाऊन बसतो. त्याला अडवायला पाठवलेल्या पलटणी त्यालाच जाऊन मिळतात. हे कसं झालं? एका मुलीने एकदा विचारलं होतं, "सर, त्या शिपायांचं पुढे काय झालं?" तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं.

आमची शाळा जालना जिल्ह्यात. असई तिथून जवळच. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली यांची गाठ पडली, ती तिथे. पुढे हाच वेलस्ली वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि वॉटर्लूला त्याने नेपोलियनला अडवलं. धाग्याचं एक टोक आमच्या शिवारात होतंच. दुसरं बघायचं राहिलं होतं.

लेक ग्रनोबलला नोकरी करते. मी निवृत्त झालो त्या वर्षी तिचा फोन आला, "बाबा, तो परत आला तो रस्ता आमच्या गावावरूनच जातो. आईला घेऊन या, मी गाडी चालवते." मग जूनमधले सात दिवस ठरवले. शेवटचा दिवस १८ जून, हे मात्र मी हट्टाने ठरवलं.

दिवस पहिला : गोल्फ-ज्युआँ

नीसच्या विमानतळावर लेक गाडी घेऊन उभी होती. तासाभरात आम्ही गोल्फ-ज्युआँच्या किनाऱ्यावर. छोटं बंदर, पांढऱ्या होड्यांच्या रांगा, वाळूत खेळणारी पोरं. १ मार्च १८१५ रोजी दुपारी नेपोलियन इथे उतरला. हजार-अकराशे माणसं, चार तोफा आणि थोडे पोलिश भालाईत. या भालाइतांपैकी बहुतेकांकडे खोगीर होतं, घोडा नव्हता. ते खोगीर पाठीवर घेऊन चालले.

एल्बा बेटावर त्याला जेमतेम दहा महिने झाले होते. तहात वर्षाला वीस लाख फ्रँकांचा तनखा कबूल झाला होता, तो आलाच नाही. बायको मारी-लुईझ आणि लहान मुलगा व्हिएन्नाला अडकवून ठेवलेले. आपल्याला आणखी दूर कुठेतरी नेऊन टाकणार, अशी कुणकुण त्याच्या कानावर येत होती. २६ फेब्रुवारीला तो निघाला. "त्याची आई होती ना बेटावर? तिला सांगितलं का त्याने?" माझ्या बायकोने वाळूत बसल्या बसल्या विचारलं. सांगितलं होतं, आणि आईने 'जा' म्हटलं, अशी आठवण आहे. आई लेतिझिया त्याच्यानंतर पंधरा वर्षं जगली. हे ऐकून ही बराच वेळ गप्प होती.

या किनाऱ्यावर आलो की आधीचं वर्ष आठवावंच लागतं. एप्रिल १८१४ मध्ये एल्बाकडे जाताना तो याच प्रोव्हाँस प्रांतातून गेला. ऑर्गाँ गावात लोकांनी त्याचा पुतळा फासावर लटकवला होता, गाडीभोवती जमाव शिव्या देत होता. वर्षानुवर्षं पोरं लढाईला पाठवून लोक पिचले होते. जिवाच्या भीतीने सम्राटाने ऑस्ट्रियन अधिकाऱ्याचा कोट अंगावर चढवला. म्हणून परतताना त्याने ऱ्होन नदीच्या काठचा सोपा, सरळ रस्ता टाळला आणि डोंगर धरला. आज पर्यटक ज्या वाटेचं कौतुक करतात ती वाट भीतीपोटी निवडलेली आहे. मी शिकवताना हे कधी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

दिवस दुसरा : ग्रास ते कास्तेलान

ग्रासला अत्तरांचा वास आणि बसभर माणसं. आम्ही थांबलो नाही. इतिहासाच्या दृष्टीने ग्रासचं महत्त्व एवढंच, की गाडीरस्ता तिथे संपत होता. नेपोलियनने तोफा तिथेच टाकल्या, सामान खेचरांवर लादलं आणि माणसं एकामागून एक अशी पायवाटेला लावली. मार्चचे पहिले दिवस, वर बर्फ. त्या दिवशी ते पन्नासेक किलोमीटर चालले आणि हजार मीटरच्या वर चढले. खजिन्याचं एक खेचर पाय घसरून दरीत गेलं.

आजचा रस्ता चांगला रुंद आहे. १९३२ साली त्याला 'नेपोलियन मार्ग' असं नाव देऊन तो खुला केला. कडेला जागोजाग गरुडाची चिन्हं दिसतात. 'गरुड एका घंटाघरावरून दुसऱ्या घंटाघरावर उडत नोत्र-दामच्या मनोऱ्यांपर्यंत जाईल,' असं त्याच्या जाहीरनाम्यात होतं, त्याची ही खूण.

एस्क्रान्योलच्या अलीकडे लेकीने गाडी बाजूला घेतली. खाली जुन्या खेचरवाटेचा तुकडा दिसत होता. मी उतरलो. चुनखडीचे सुटे दगड, पायाखाली घरंगळणारे, आणि त्यांच्या फटींतून उगवलेली ओव्याच्या जातीची रानटी झुडपं. पाऊल पडलं की वास येतो. पन्नास-साठ पावलं चाललो, गुडघे बोलायला लागले. पाठीवर बंदूक, पडशी, शिवाय एखाद्याच्या पाठीवर खोगीर, आणि वाटेवर बर्फ. एल्बाला त्याच्याबरोबर गेलेले हे जुने शिलेदार होते. त्यांनी इजिप्त पाहिलं होतं, रशिया पाहिला होता. तरी ते चालले.

दुपारी एका गावात सगळंच बंद. इथे दुपारची सुट्टी कडक असते. झाडाखाली चादर पसरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. संध्याकाळी कास्तेलानला पोहोचलो. गावाच्या डोक्यावर उभा कडा, कड्यावर इवलंसं देऊळ. आमच्याकडच्या खंडोबा-म्हसोबाच्या टेकड्या आठवल्या.

दिवस तिसरा : दीन्य, सिस्तराँ, गाप

हा दिवस गाडीतच गेला. लव्हेंडर अजून पुरतं फुललं नव्हतं, नुसती जांभळी झाक धरलेली.

मालिजे गावच्या वाड्यात त्याने ४ मार्चची रात्र काढली, ती आरामखुर्चीत, बूट न काढता, असं सांगतात. पुढे सिस्तराँ. द्युराँस नदी दोन कड्यांच्या मधून निसटते, वर किल्ला, खाली एकच पूल. किल्ल्यावरून चार तोफा चालल्या असत्या किंवा पूल उडवून दिला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. मी किल्ल्याच्या तटावर उभा राहून खालचा पूल किती वेळ बघत होतो. दौलताबाद पाहिलेल्या माणसाला अशी जागा लगेच कळते. पण पुलावर कोणी नव्हतं. हा बिनबोभाट पार झाला.

सिस्तराँच्या पुढे मुलूख बदलतो, आणि माणसंही बदलली. क्रांतीत चर्चच्या आणि पळून गेलेल्या सरदारांच्या जमिनी विकल्या गेल्या होत्या, त्या शेतकऱ्यांनी घेतल्या होत्या. आता राजा अठरावा लुई परत आला, त्याच्याबरोबर सरदार परत आले, आणि शेतकऱ्याला धास्ती बसली की सातबारा परत बदलणार. सैन्यातल्या हजारो अधिकाऱ्यांना नव्या राजाने अर्ध्या पगारावर घरी बसवलं होतं. प्रोव्हाँसमध्ये लोकांना गेलेली पोरं दिसत होती, इथे दोफिने प्रांतात जाणारी जमीन दिसत होती. नेपोलियनला हे नेमकं कळलं. गापमध्ये त्याने आपले जाहीरनामे छापून घेतले आणि पुढे पाठवले. त्याच्या पायांआधी त्याची अक्षरं चालत होती. लेक म्हणाली, "बाबा, म्हणजे त्याला प्रचार करता यायचा." हो. पण ऐकणाऱ्याच्या मनात ती भीती आधीच नसती तर नुसत्या प्रचाराने काही झालं नसतं.

गापमध्ये ठरवलेल्या खोलीचा घोळ झाला. आमचं नावच यादीत नव्हतं. रात्री नऊला दुसरीकडे खोली मिळाली, महाग पडली. कोणाचं नाव घेत नाही, पण हिचे पाय सुजले होते आणि मला वाईट वाटलं.

दिवस चौथा : लाफ्रे

ज्यासाठी आलो तो दिवस हा. कोर गावावरून, ला म्यूरवरून, डाव्या-उजव्या हाताला डोंगर ठेवत दुपारी लाफ्रेला पोहोचलो. एक लांबट तळं, बाजूला उतरतं गवत, मध्ये घोड्यावरचा नेपोलियन. शिल्पकार फ्रेमिएचा हा पुतळा आधी ग्रनोबलमध्ये होता. १८७० मध्ये साम्राज्य दुसऱ्यांदा, म्हणजे त्याच्या पुतण्याचं, कोसळल्यावर लोकांनी तो खाली ओढला, आणि १९२९ मध्ये त्याला इथे जागा मिळाली. या जागेला 'भेटीचं कुरण' म्हणतात.

७ मार्च १८१५. ग्रनोबलहून पाचव्या पायदळ पलटणीची तुकडी रस्ता अडवायला पाठवली होती. एका बाजूला तळं, दुसरीकडे डोंगराचा उतार, मधली पट्टी अरुंद. नेपोलियनने आपल्या माणसांना बंदुका खाली करायला सांगितलं आणि एकटा पुढे आला. अंगावर तो राखाडी कोट. टप्प्यात आल्यावर थांबला. म्हणाला, 'पाचव्या पलटणीच्या शिपायांनो, मी तुमचा सम्राट आहे. ओळखा मला.' मग कोट उघडला : 'तुमच्यात कोणाला आपल्या सम्राटाला मारायचं असेल, तर हा मी उभा आहे.' एका अधिकाऱ्याने 'झाडा' असा हुकूम दिला. कोणी झाडली नाही. क्षणभराने 'सम्राट चिरायू होवो' म्हणून आरोळी उठली. शिपाई रांग मोडून धावले, टोप्यांवरची राजाची पांढरी फुलं उपटून फेकली. कित्येकांच्या पडशीत जुनं तिरंगी फूल जपून ठेवलेलं होतं, ते बाहेर निघालं.

मी पुतळ्याकडे पाठ करून उभा राहिलो. शिपायांची रांग जिथे असेल असा माझा अंदाज होता तिथून उताराकडे पाहिलं. अंतर काही फार नाही. शाळेच्या मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाइतकं. चेहरा दिसतो. डोळे दिसत असतील. हुकूम मोडायचा तर बंदुकीचा घोडा न दाबणं एवढंच करायचं होतं. पण हुकूम मोडला की फाशी किंवा गोळी, हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

किती विश्वास असेल त्या पोरांचा? मला इतकी वर्षं वाटायचं की हे नेपोलियनचं धाडस. त्या गवतावर उभं राहिल्यावर वाटलं, धाडस त्याचं खरंच, पण त्या दिवशी सगळं ठरवलं ते समोरच्या रांगेने. फळ्यावरचा बाण त्यांनी वळवला, आणि आम्ही वहीत नाव त्याचंच लिहिलं.

"सर, त्या शिपायांचं पुढे काय झालं?" त्या मुलीचा प्रश्न मला तिथे ऐकू आला. आता मला उत्तर माहीत होतं. पाचवी पलटण उत्तरेला बेल्जियमकडे गेली. जनरल लोबाऊच्या सहाव्या कोअरमध्ये, म्हणजे फौजेच्या एका मोठ्या विभागात होती. १८ जूनला, म्हणजे या कुरणापासून १०३ दिवसांनी, ती वॉटर्लूला उभी होती.

त्याच संध्याकाळी ग्रनोबलच्या वाटेवर कर्नल ला बेदोयेर आपली सातवी पलटण घेऊन नेपोलियनला मिळाला. ग्रनोबलचे दरवाजे बंद होते, ते गावकऱ्यांनी फोडले. 'ग्रनोबलपर्यंत मी एक साहसी भटक्या होतो, ग्रनोबलला मी राजा झालो,' असं तो पुढे सेंट हेलेनावर म्हणाला. ला बेदोयेरला ऑगस्टमध्ये गोळ्या घातल्या. वय २९.

रात्री लेकीच्या घरी वरण-भात झाला. पोरीने कुकर लावला, शिट्टी ऐकली आणि चार दिवसांचा शीण उतरला.

दिवस पाचवा : फाँतेनब्लो

सकाळची वेगवान गाडी, तीन तासांत पॅरिस. त्याच स्टेशनावरून फाँतेनब्लोची लोकल मिळते.

राजवाडा अफाट आहे, पण मला तीनच गोष्टी बघायच्या होत्या. पहिली, एक छोटं गोल टेबल. ६ एप्रिल १८१४ रोजी नेपोलियनने पदत्यागाचा कागद लिहिला, तो या टेबलाशी जोडलेला. आपल्या घरी चहाचे कप ठेवतो एवढंच आहे. ज्याने पोपला पॅरिसला बोलावून घेतलं आणि मुकुट मात्र स्वतःच्या हाताने डोक्यावर ठेवला, त्याचं राज्य एवढ्याशा लाकडावर संपलं. त्याच महिन्यात एका रात्री त्याने इथे विष घेतलं. विष जुनं होतं, रशियाच्या मोहिमेपासून गळ्यात बांधलेलं. ते लागू पडलं नाही.

दुसरी, घोड्याच्या नालेसारखा तो बाहेरचा जिना आणि समोरचं पटांगण. २० एप्रिलला इथे त्याने आपल्या जुन्या रक्षकदलाचा निरोप घेतला, निशाणाचं चुंबन घेतलं. बरोबर अकरा महिन्यांनी, २० मार्च १८१५ ला, एल्बाहून परत येताना तो याच पटांगणातून गेला आणि रात्री पॅरिसला पोहोचला. त्याला लोखंडी पिंजऱ्यात घालून आणतो म्हणून राजापुढे पैज मारलेला मार्शल नेय वाटेतच त्याला सामील झाला होता. डिसेंबरात नेयलाही गोळ्या घातल्या.

तिसरी गोष्ट म्हणजे सिंहासन. ते मी बघितलं आणि पुढे गेलो.

जिन्याच्या पायरीवर बसून बायकोला रशिया सांगितला. हे मी वर्गात नेहमी घाईने उरकायचो. जून १८१२ पासून सहा लाखांच्या वर माणसं रशियात शिरली. फ्रेंच, जर्मन, इटालियन, पोलिश. इंग्लंडचा व्यापार बंद पाडायचा म्हणून त्याने साऱ्या युरोपची बंदरं बंद करायला लावली होती, रशियाने ते ऐकणं सोडलं, म्हणून ही स्वारी. सप्टेंबरात मॉस्को हाती आलं, ते जळत होतं. महिनाभर तो झारच्या निरोपाची वाट बघत बसला. निरोप आला नाही. १९ ऑक्टोबरला माघार सुरू झाली आणि थंडी, भूक, ताप आणि रशियाचे कोसॅक घोडेस्वार यांनी फौज खाऊन टाकली. मग तूट भरायला कोवळी पोरं भरती केली. हुकमावर सही सम्राज्ञी मारी-लुईझची होती, म्हणून त्या पोरांना लोक 'मारी-लुईझ' म्हणायचे. काहींना बंदूक कशी भरायची तेही येत नव्हतं.

"आणि तरी लाफ्रेला त्यांनी गोळी नाही झाडली," ही म्हणाली.

दिवस सहावा : अँव्हालिद

सोनेरी घुमटाखाली नेपोलियनची समाधी. वरून कठड्याला वाकून बघावं लागतं, म्हणजे येणाऱ्याची मान आपोआप खाली जाते. तांबूस दगडाची प्रचंड पेटी, आत एकात एक शवपेट्या. ५ मे १८२१ रोजी तो सेंट हेलेनावर वारला, १८४० मध्ये अवशेष इथे आणले. भोवतीच्या फरशीवर लढायांची नावं : रिव्होली, पिरॅमिड, मारेंगो, ऑस्टरलिट्झ, येना, फ्रिडलंड, वाग्राम, मोस्कोवा. वॉटर्लू अर्थातच नाही.

भिंतींवरच्या संगमरवरी पाट्यांत तो कायदा देताना दिसतो. १८०४ ची नागरी संहिता हे त्याचं खरं मोठं काम, ती अजून टिकून आहे, आणि मी त्याबद्दल वर्गात मनापासून बोललो आहे. पण १८०२ मध्ये याच माणसाने फ्रेंच वसाहतींत गुलामगिरी परत कायद्यात आणली. क्रांतीने ती १७९४ ला रद्द केली होती. हैतीच्या लोकांनी त्याच्या फौजेला हाकलून १ जानेवारी १८०४ ला स्वातंत्र्य जाहीर केलं. फ्रेंच वसाहतींत ती कायमची जायला १८४८ उजाडलं. संगमरवरात मला हे कुठे दिसलं नाही. ही गोष्ट सोडून त्याचं चरित्र सांगणं मला चालत नाही.

शेजारी लष्कराचं संग्रहालय आहे. त्याचा वझीर नावाचा घोडा पेंढा भरून ठेवलाय, त्याच्याभोवती गर्दी होती. आम्ही तिथून पुढे गेलो आणि एका काचेसमोर खिळलो. पितळी पत्र्याचं चिलखत. उजव्या छातीवर आरपार भोक. पपई मावेल एवढं. समोरची कड आत वळलेली, पाठीमागची बाहेर फाटलेली, पत्र्याच्या जिभा पसरलेल्या. तोफेचा गोळा इकडून शिरला, तिकडून गेला. चिलखत फ्राँस्वा-आँत्वान फोव्होचं. कारबिनिए दलातला घोडेस्वार, वय २३, वॉटर्लू.

पितळ अजून चकाकतं. कोणीतरी ते घासून पुसून ठेवतं. बायकोने हात काचेवर टेकला, आणि पहारेकरी आला तेव्हा काढून घेतला.

संध्याकाळी ब्रसेल्सची गाडी पकडली.

दिवस सातवा : वॉटर्लू

१८ जून. सकाळपासून भुरभुर. १८१५ मध्ये १७ जूनला दुपारपासून रात्रभर पाऊस कोसळला होता, म्हणून मला बरंच वाटलं. ब्रसेल्सहून लोकलने ब्रेन-लालो, तिथून चालत.

आधी सिंहाची टेकडी. नेदरलँड्सच्या राजाने आपला मुलगा जखमी झाला त्या जागी १८२६ पर्यंत ही माती रचून घेतली. २२६ पायऱ्या मी मोजल्या. वर गेल्यावर पहिला धक्का बसतो तो जागेच्या लहानपणाचा. उगूमाँचा वाडा उजवीकडे झाडीत, ला एय-सांतचं शेतघर रस्त्याला लागून, समोर फ्रेंचांची बाजू. एका नजरेत बसतं. या एवढ्याशा शेतांत एका दिवसात पंचेचाळीस ते पन्नास हजार माणसं मेली किंवा जखमी झाली.

नेपोलियनने सकाळी ल कायूच्या घरात न्याहारी केली. वेलिंग्टनला तो 'शिपायांचा सेनापती' म्हणायचा, म्हणजे हिंदुस्थानी शिपायांना घेऊन लढलेला, युरोपात न चालणारा. हे वाचलं की मला राग येतो. असईला त्याच वेलिंग्टनने केळणेच्या दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड अशी समोरासमोर गावं पाहिली आणि ओळखलं की मध्ये उतार असणारच, वाटाडे नाही म्हणत असले तरी. शिंद्यांच्या तोफांनी त्या दिवशी त्याची दीड हजारांवर माणसं ठार-जखमी केली. म्हातारपणीही तो असईचं नाव आपल्या सर्वांत चांगल्या लढाईचं म्हणून घ्यायचा. आमच्या गोलंदाजांनी त्याला जे शिकवलं ते नेपोलियनने हसण्यावारी नेलं. असई आपल्या बोलण्यात मात्र उरली नाही. हरलं की आपण 'पानिपत झालं' म्हणतो.

चिखल वाळावा, तोफा हलाव्यात म्हणून नेपोलियन साडेअकरापर्यंत थांबला. ते तास त्याला महाग पडले. पूर्वेकडून वेलिंग्टनच्या मदतीला सेनापती ब्ल्यूखरचे प्रशियन, म्हणजे जर्मन, निघालेले होते. दुपारी साडेचारच्या सुमाराला ते फ्रेंचांच्या उजव्या बगलेवर, प्लांसन्वा गावाकडे आले. त्यांना तोंड द्यायला सम्राटाने लोबाऊची सहावी कोअर वळवली. तिच्यात पाचवी पलटण.

टेकडीवर आणि संग्रहालयात गर्दी होती. प्लांसन्वाला जाणारे आम्ही तिघंच. शेतांमधून रस्ता जातो. बटाटा, जव, आणि साखरेचं बीट. बूट दोन मिनिटांत जड झाले. लेकीने थांबून पाय झटकले, माती सुटेना. "बाबा, ही आपल्यासारखीच चिकटते." रंगाने पिवळसर, पण चिकटायला आमच्या काळीसारखीच. हीत तोफ रुतली असेल तर बैलांनीही हलली नसती.

प्लांसन्वा शांत आहे. उतारावर विटांची घरं, मधोमध चर्च. त्या संध्याकाळी हे गाव पुन्हा पुन्हा हातातून गेलं आणि परत घेतलं. घराघरात, दफनभूमीत, संगिनींनी. शेवटी रात्री आठनंतर पडलं, आणि त्याच सुमाराला तिकडे उंचवट्यावर सम्राटाचं रक्षकदल मागे फिरलं. चर्चच्या भिंतीवर यंग गार्डच्या, म्हणजे रक्षकदलातल्या तरुण तुकडीच्या, नावाची पाटी आहे. गावाबाहेर प्रशियनांचा लोखंडी स्तंभ आहे. पाचव्या पलटणीचं नाव शोधत मी चर्चला दोन फेऱ्या मारल्या. मला दिसलं नाही.

आणि कबरी? लढाईत एवढी माणसं मेली, पण या मैदानात सांगाडे फारसे सापडतच नाहीत. २०१२ मध्ये टेकडीजवळ काम चालू असताना एक मिळाला, ती मोठी बातमी झाली. मेलेल्यांचे दात कवळ्यांसाठी काढून नेले होते, हे जुनं माहीत होतं. हाडांचं काय झालं ते अलीकडे संशोधकांनी जुनी कागदपत्रं लावून मांडलं. काही खतासाठी गेली. आणि १८३० नंतर बेल्जियममध्ये बीटाच्या साखरेचे कारखाने निघाले, रस गाळून पांढरा करायला हाडांचा कोळसा लागे. लोकांना खड्डे कुठे आहेत ते ठाऊक होतं. हाडं निघाली आणि विकली गेली.

बीटाच्या साखरेला युरोपात जोर दिला तोही नेपोलियननेच. इंग्रजी आरमारामुळे बाहेरची ऊसाची साखर येईना, म्हणून १८११ पासून त्याने बीट लावायचे हुकूम काढले. मी ऊसाच्या मुलखातून आलेला माणूस. गळीत हंगामात कारखान्याच्या मळीचा वास नाकात घेऊन वाढलो. ओल्या बांधावर उभा राहून मला त्याचे ते दोन हुकूम, लढायचा आणि बीट लावायचा, एकमेकांजवळ आलेले दिसले आणि पुढे बोलता येईना.

हिने पर्समधून डबा काढला. गूळपोळी होती, घरून आणलेली, शेवटची एक. तिचे तुकडे केले. एक मला दिला, एक लेकीला, आणि एक तिने बांधावर, दगडावर ठेवला. पाऊस वाढला होता. आम्ही तिघं बीटाच्या कडेने परत निघालो. लेक पुढे, हातात बूट घेऊन.